केव्हा तापते, ते आधी सांग

विमलताई दिघ्यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या मनगटावर छत्री हाणली तेव्हा.

एप्रिलमधली दुपार होती. साताऱ्याहून नोकरीसाठी इंदूरला येऊन मला काही महिनेच झाले होते, आणि आयुष्यातली पहिली गाडी, अर्थातच जुनी, नुकतीच दारात आली होती. कृष्णपुऱ्याच्या पुलावर वाहतूक तुंबली होती. मागून भोंगे, पुढून भोंगे, आणि मधोमध माझ्या बॉनेटमधून पांढरी वाफ. कशीबशी गाडी पूल उतरवून झाडाखाली घेतली, बॉनेट उघडलं. लगेच माणसं जमली. इंदुरात तापलेल्या गाडीभोवती जेवढे सल्लागार जमतात तेवढे लग्नातही जमत नाहीत. कुणी म्हणे इंजिनावर पाणी मार, कुणी म्हणे इंजन गया. एक जण म्हणाला, "पहले कचोरी खा लो भिया, तब तक ठंडी हो जाएगी." तो सल्ला सगळ्यांत शहाणपणाचा होता, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मात्र मी खिशातला रुमाल काढला, हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

तेवढ्यात छत्री बसली.

"आई गं!" मी ओरडलो.

"अच्छा, मराठी आहेस का?" मागे फिक्या निळ्या साडीतल्या, बुटक्या, चष्मेवाल्या बाई उभ्या होत्या. "मग मराठीत सांगते. गरम झाकण उघडलंस तर आतलं उकळतं पाणी तोंडावर येईल. थोबाड भाजून घ्यायचा शौक आहे का तुला?"

नाही, म्हणालो. मग त्यांनी जमलेल्या मंडळींना "चलो भिया लोग, शो खतम" म्हणून वाटेला लावलं आणि मला समोरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायला नेलं. गाडी थंड होईपर्यंत आम्ही तिथल्या बाकड्यावर बसलो. मी सारखा घड्याळ बघत होतो. त्या शांतपणे रस पीत होत्या. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"केव्हा तापते, ते आधी सांग. उभी असताना की पळताना?"

मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

"चढावर? एसी लावल्यावर? सकाळी पण तापते का?"

मी रसाचा ग्लास तोंडाला लावला.

"मग गाडीबद्दल तुला मालूम काय आहे? रंग?"

रस संपला. गाडी निवली. ताईंनी मला चावी फिरवून एसी लावायला सांगितलं आणि स्वतः बॉनेटमध्ये वाकल्या. "हे बघ. एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरायला पाहिजे. फिरतोय?" फिरत नव्हता. गाडी पळत असली की समोरून वारा लागतो, तेव्हा पंख्यावाचून चालून जातं. वाहतुकीत अडकली की वारा बंद, पंखा बंद, मग ती तापणार नाही तर काय करणार? इतकं सोपं होतं ते. त्यांनी फ्यूजची डबी उघडली, एक पिवळा फ्यूज उपसून उन्हात धरला. आतली तार तुटलेली होती. मग दुसऱ्या खाचेतला तसाच पिवळा फ्यूज काढून पंख्याच्या जागी बसवला. पंखा घर्र करून सुरू झाला.

"हा कुठला काढलात?" मी विचारलं.

"हॉर्नचा."

इंदुरात बिनहॉर्नची गाडी चालवणं म्हणजे काय, हे इंदूरकरालाच कळेल. ताई माझ्या शेजारी बसल्या. काच खाली घेतली, डोकं बाहेर काढलं आणि राजवाड्यापासून आमच्या कॉलनीपर्यंत "बाजू भिया, बाजू! हॉर्न नाही आहे, मी आहे!" असं ओरडत राहिल्या. लोक हसत होते आणि वाट देत होते. हॉर्नला कधी कुणी इतकी वाट दिलेली मी पाहिली नाही. त्या माझ्याच कॉलनीत, मागच्या गल्लीत राहतात हे त्या प्रवासात कळलं. उतरताना म्हणाल्या, "फ्यूज उगाच उडत नाही. उद्या पंख्याची मोटर दाखवून घे. मी येते सोबत, तुला गंडवतील."

ताई मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या आजेसासऱ्यांनी होळकरांच्या दफ्तरात कारकुनी केली होती, तेव्हापासून दिघे इंदूरचेच. दिघेसाहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल ताई फार प्रेमाने आणि तितक्याच बिनमुर्वत बोलायच्या. "आमच्या साहेबांचा गाडी दुरुस्त करायचा एकच तरीका होता. इंजिन आवाज करायला लागलं की रेडिओ मोठा करायचा." साहेब गेले आणि त्यांची पांढरी गाडी अंगणात उभी राहिली. ताई चालवायला शिकल्या, पण गाडी आठवड्याला तापायची आणि गॅरेजवाले दरवेळी नवीन भाग सांगायचे. शेवटी एका सुट्टीत ताई घरातलं स्टूल आणि डबा घेऊन गॅरेजात जाऊन बसल्या. "मी बोलली, काम करा, मी काही बोलत नाही, फक्त बघते." महिनाभर बघितलं. पहिले दोन-चार दिवस गॅरेजवाले अवघडले, मग त्यांना ताईंच्या डब्यातल्या थालीपिठाची सवय लागली, आणि सुट्टी संपताना गॅरेजचे उस्तादच म्हणाले, "बाईजी, आप जाओगी तो दुकान सूनी हो जाएगी."

गाडीचं बोलताना त्यांच्या तोंडी सगळं स्वयंपाकघरच यायचं. रबरी पाइप दाबून बघायला शिकवलं ते असं: "दाबला आणि ढोकळ्यासारखा मऊ लागला तर गेला. पापडासारखा कडकडला तर गेलाच समज." रेडिएटरच्या झाकणातलं रबर म्हणजे कुकरची रिंग. "रिंग सैल झाली की कुकरची शिटी होते का? नाही ना? डाळ शिजत नाही, पाणी तेवढं उडून जातं. बस, तेच." सियागंजात पाइप घ्यायला गेलो की दुकानदार कौतुकाने चार नमुने पुढे टाकायचा, आणि ताई भाजीवाल्याकडची भेंडी निवडावी तशा एकेक वाकवून बघायच्या.

मी रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरतो हे त्यांना कळलं तेव्हा त्या खरोखर रागावल्या. मी आपला बचाव केला, "ताई, नर्मदेचं पाणी आहे हो."

"पवित्र आहे, मान्य. इंजिनाला मोक्ष नको आहे, कूलंट पाहिजे. तुझ्या गीझरमध्ये पांढरा थर बसतो तो बघितलास का कधी? तोच आत बसणार."

मला मात्र एक खोड होती. कुठल्याही गोष्टीतून तात्पर्य काढायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा बायकोशी कडाक्याचं भांडण करून मी ताईंच्या अंगणात येऊन बसलो होतो. त्या गाडीत नवं कूलंट भरत होत्या. झाकण उघडं, थंड इंजिन नुकतंच चालू केलेलं, आणि वरचा पाइप हळूहळू दाबायचं काम त्यांनी मला दिलं होतं, म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. हवा आत राहिली तर पाणी भरपूर असूनही इंजिन तापतं. मला ते फार भावलं. मी म्हणालो, "ताई, माणसाचंही असंच असतं नाही? आत काहीतरी अडकून राहतं आणि मग..."

"मंदार," त्या म्हणाल्या, "बोध काढू नकोस. हवा काढ."

मी पाइप दाबत राहिलो. बुडबुडे संपल्यावर त्यांनी झाकण लावलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "आणि भांडण झालं असेल तर घरी जा. इथे काय ठेवलंय? गाडी गाडी आहे, अनघा अनघा आहे." मी घरी गेलो. त्यांनी माझ्यामागे बायकोला फोन करून ठेवला होता की तो येतोय, चहा टाक, आणि त्याला लगेच माफ करू नकोस.

ही अनघा मला मिळाली तीही ताईंच्या गाडीतून, आणि तो दिवस सांगितल्याशिवाय ताई पुऱ्या होत नाहीत.

अनघाचं माहेर बडवाहचं. मे महिन्यात बघण्याचा कार्यक्रम ठरला. आई साताऱ्याहून मुद्दाम आली होती. ताई म्हणाल्या, "तुझी गाडी भाजी आणायला ठीक आहे. मुलगी बघायला माझी नेऊ. गॅरेजात जाऊन बसले तेव्हापासून माझी गाडी रस्त्यात तापलेली नाही." हे खरं होतं, म्हणजे त्या दिवसापर्यंत खरं होतं. आईला मुळात बाई गाडी चालवणार हेच पटलं नव्हतं. ती मागच्या सीटवर पर्स मांडीवर धरून, तोंडाने काहीतरी पुटपुटत बसली. रामरक्षा असावी.

सिमरोलच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. ट्रकांच्या मागे धुळीतून रांगत पुढे निघालो. चोरल ओलांडून चढ लागला आणि ताई एकदम डॅशबोर्डकडे बघायला लागल्या. मी बघितलं, इंजिनाच्या तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकत होता.

ताईंनी एसी बंद केला. काचा खाली घेतल्या. आणि मग हीटर पूर्ण चालू केला.

मे महिन्यातली दुपार, आणि पायांवर, तोंडावर भट्टीसारखा वारा. आई किंचाळली, "अहो दिघेबाई, शेगडी कशाला पेटवताय?"

"इंजिनाची गरमी आहे ती, वहिनी. गाडीत ओढून घेतली की इंजिनाला तेवढी कमी. थोडी थोडी वाटून घेऊ सगळे!"

"अहो पण मी कशाला वाटून घेऊ? मी मुलाची आई आहे!"

काटा तिथेच थबकला. आम्ही मात्र शिजत होतो. आईने बाटलीतलं पाणी नॅपकिनवर ओतून तो डोक्यावर ठेवला. माझा इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटला. ताईंच्या चष्म्यावरून घाम ओघळत होता आणि त्या काट्याला समजावत होत्या, "रुक जा बेटा, रुक जा, ढाबा येऊ दे." ढाबा आला. झाडाखाली गाडी लावली. ताईंनी पाच मिनिटं त्या गाडीकडे अशा नजरेने पाहिलं की जणू वर्गातली पहिली येणारी मुलगी कॉपी करताना सापडली होती.

"थर्मोस्टॅट," मग त्यांनी निदान केलं. "पाणी सोडणारा आतला दरवाजा अडकलाय. गाडी निवू दे, मी तो काढूनच टाकते, त्याच्याशिवाय जाऊन येऊ." डिकीतून पाने काढून त्या साडीचा पदर खोचून तयारीला लागल्या. मी बडवाहला फोन करून उशीर होईल असं सांगितलं. पलीकडे होणाऱ्या सासऱ्यांचा आवाज जरा थंड वाटला. बोलणी इथेच मोडणार असं मला वाटायला लागलं, कारण थर्मोस्टॅट खोलायचा म्हणजे कूलंट सांडणार, ते पुन्हा भरायचं, हवा काढायची. संध्याकाळ झाली असती.

ढाब्याच्या खाटा उन्हात होत्या. म्हणून आई झाडाखाली गाडीच्या तोंडासमोर एका बुटक्या दगडावर बसून चहा पीत होती. बसल्या बसल्या म्हणाली, "दिघेबाई, गाडीच्या दातांत काहीतरी अडकलंय का हो?"

"काय?"

"हे खाली. पांढरं दिसतंय."

ताई वाकल्या. मग गुडघ्यांवर आल्या. मग सरळ जमिनीवर आडव्या झाल्या आणि हात आत घालून ओढायला लागल्या. खताची एक रिकामी गोणी बाहेर आली, चांगली लांबरुंद. कुठल्यातरी ट्रकवरून उडून खालून आत ओढली गेली होती आणि रेडिएटरला पोटाशी धरल्यासारखी चिकटून बसली होती. वारा जायला जागाच नव्हती.

ताई गोणी हातात घेऊन तिथेच मातीत बसून राहिल्या. मला वाटलं, आता लाज वाटेल यांना, माझ्या आईसमोर. आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "वहिनी, तुम्ही पास! मी नापास! मी थर्मोस्टॅट खोलत होते, बघा! समोर उभी राहून बघितलंच नाही मी!" आईही हसायला लागली. गाडीत बसल्यापासून पहिल्यांदाच. नंतर ताई कुणालाही तपासणी शिकवायच्या तेव्हा सुरुवात अशी व्हायची: "पहिले साताऱ्याच्या वहिनींसारखं समोर बसून बघ. मग अक्कल चालव."

बडवाहला पोचलो तेव्हा दार अनघाने उघडलं. समोर डोक्यावर ओला नॅपकिन घेतलेली एक बाई, कोपरापर्यंत काळ्या हातांची दुसरी बाई, आणि मागे निथळणारा मी. वर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"पाऊस लागला का वाटेत?" तिने विचारलं.

"नाही गं," ताई म्हणाल्या, "हीटर लावला होता."

अनघाने दाराला धरून हसू आवरायचा प्रयत्न केला, तो फसला. अजूनही ती म्हणते, "होकार मी ताईंना दिला. तू त्यांच्याबरोबर होतास."

पुढची बरीच वर्षं अशी मजेत गेली. दर हिवाळ्यात ताईंच्या अंगणात दोन्ही गाड्यांची तपासणी व्हायची, नंतर पोहे आणि वर इंदुरी जिरावण मसाला. कॉलनीतल्या कुणाची गाडी तापली तर तो आधी ताईंकडे यायचा, आणि त्या दारातूनच विचारायच्या, "उभी की पळताना?" आमची मुलगी बोलायला लागली तेव्हा आजोळच्या पाहुण्यांना तिने हाच प्रश्न विचारला होता. त्यांची रिक्षा बंद पडली होती.

मग एकदा सियागंजातून परत येताना ताईंनी मला विचारलं, "काटा कुठे आहे रे?"

मला वाटलं माझी परीक्षा घेताहेत. "मध्ये आहे, ताई. बराबर."

थोड्या वेळाने पुन्हा, "आणि आता?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या डोळे बारीक करून पुढे झुकल्या होत्या. काटा त्यांच्या समोर, हातभर अंतरावर होता. त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, दार उघडून खाली उतरल्या आणि वळसा घालून माझ्या बाजूला आल्या. "सरक," म्हणाल्या. "आजपासून तू चालव." डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली होती, डॉक्टरांनी नंतर सांगितलं, बरं होण्यातलं नव्हतं. ताईंनी त्यावर आमच्यासमोर एकदाही उसासा टाकला नाही. फक्त त्या दिवशी घरी पोचल्यावर त्या गाडीतून लवकर उतरल्या नाहीत. मीही बसून राहिलो.

त्यांची मुलगी मीनल त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना पांढरी गाडी माझ्या अंगणात आली. माझी आम्ही विकून टाकली. निघताना रडारड अनघाने केली, मी केली. ताई रिक्षात बसल्या आणि म्हणाल्या, "नागपूरला उन्हाळा भारी असतो म्हणतात. बघू, तिथल्या गाड्या काय करतात."

गेल्या मार्चमधली गोष्ट. गाडी तापायला लागली. मी सगळं आठवून केलं. समोर बसून पाहिलं, झाकणाची रिंग पाहिली, पाइप दाबले. दिसेना. शेवटी फोन लावला.

"केव्हा?" हॅलो नाही, कसा आहेस नाही.

"उभी असताना पण, पळताना पण. रोज थोडं कूलंट कमी होतं."

"जमिनीवर सांडतं?"

"नाही."

"मग गरम इंजिनावर सांडून तिथेच वाळत असेल. रंगीत डाग शोध. मागच्या बाजूला, हीटरच्या पाइपाकडे. हात घालून बघ. गाडी थंड आहे ना?"

थंड होती. हात घातला. मागे एका पाइपाच्या पट्टीखाली हिरवट, खरखरीत थर बोटांना लागला. पट्टी सैल झाली होती. मी ती आवळली, कूलंट भरलं, पाइप दाबून हवा काढली, झाकण लावलं. ताई तेवढा वेळ फोनवरच होत्या, मधूनमधून "घाई नको" म्हणत. मग सांगितलं, "चालू कर. आणि फोन बॉनेटजवळ धर."

मी धरला. जरा वेळाने कानाला लावून म्हणालो, "झालं, ताई. गळत नाही आता. बंद करू?"

"थांब रे. राहू दे चालू. जल्दी काय आहे?"

मी फोन पुन्हा इंजिनाजवळ नेला, या वेळी स्पीकर चालू करून. अंगणात ऊन होतं. अनघा दारात येऊन उभी राहिली. इंजिन एका लयीत चालत होतं. फोनमधून काहीच आवाज येत नव्हता, पण त्या ऐकत होत्या हे कळत होतं. काटा हळूहळू मधल्या रेघेवर आला, थोडा वर सरकला, आणि घर्र आवाज करून पंखा सुरू झाला.

"लागला!" फोनमधून ताईंचा आवाज आला, इतका मोठा की अनघा दचकली. "मीनल, अगं पंखा लागला!"

मागून मीनलचा आवाज ऐकू आला, "पंखा? अगं आई, पंखा तर सकाळपासून चालूच आहे."

"हा नाही गं," ताई म्हणाल्या. "इंदूरचा."